जुन्या लॅपटॉपवर डेबियन: ग्राफिकल डेस्कटॉप एकेक थर चढवत उभा करू या

विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे धडधाकट लॅपटॉप पुण्यात घरोघरी कपाटात जाऊन पडले आहेत. टिळक रस्त्यावरच्या दुकानांत असे लॅपटॉप सेकंडहँड मिळतात, आणि कोथरूड-कर्वेनगरला खोली घेऊन राहणारी, बाहेरगावाहून शिकायला आलेली मुलं ते घेतात. चार जीबी रॅम आणि एखादी छोटी एसएसडी एवढ्यावर डेबियन ही मोफत लिनक्स प्रणाली आणि तिच्यावरचा एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप अगदी सुखाने चालतात. हा लेख त्या मुलांसाठी आहे, आणि त्यांना शेजारी बसून मदत करणाऱ्या दादा-ताईंसाठीही.

डेबियनचा इन्स्टॉलर डेस्कटॉप स्वतःच बसवून देतो. एका चौकटीत खूण केली की अर्ध्या-पाऊण तासाने लॉगिनचा पडदा समोर येतो. तो आला तर उत्तमच. पण कधी तो येत नाही, नुसता काळा पडदा दिसतो, आणि नवखा माणूस तिथेच हात टेकतो, कारण नेमकं काय बिघडलं हे त्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून मी शिकवताना मुद्दाम लांबचा रस्ता घेतो: आधी डेस्कटॉपशिवाय डेबियन बसवायचा, मग त्यावर चार थर चढवायचे. पहिला थर ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा, दुसरा एक्स सर्व्हरचा (पडद्यावर रेखाटणारा प्रोग्रॅम), तिसरा डेस्कटॉपचा आणि चौथा लॉगिनच्या पडद्याचा. प्रत्येक थर चढवल्यावर थांबून तो चालतोय का हे डोळ्यांनी पाहायचं. तासभर जास्त जातो, पण पुढे कधीही काही अडलं तर कोणत्या थराकडे बघायचं हे माहीत असतं.

कमांड कशा वाचायच्या ते आधी सांगतो. या लेखात त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर, म्हणजे कमांड लिहायच्या पडद्यावर, त्या रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. नाव अवघड असेल तिथे अक्षरं फोडून दिली आहेत. पॅकेजच्या, म्हणजे बसवायच्या सॉफ्टवेअरच्या, नावाची सुरुवात टाइप करून टॅब की दाबली तर उरलेलं नाव डेबियन स्वतः पुरं करतो किंवा पर्याय दाखवतो. ही टॅबची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या, स्पेलिंगच्या निम्म्या चुका तिथेच टळतात.

तयारी

लॅपटॉपमधला सगळा डेटा पुसला जाणार आहे असं धरून चला. फोटो, प्रोजेक्ट, दहावी-बारावीच्या स्कॅन केलेल्या मार्कशीट, सगळं बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकावर उघडून फाइली खरोखर उघडतात का ते बघा. विंडोज ठेवून शेजारी डेबियन बसवणं शक्य आहे. त्यासाठी विंडोजमधूनच विभाग लहान करावा लागतो, फास्ट स्टार्टअप बंद करावं लागतं आणि बिटलॉकर ही डिस्कची कुलूपबंदी सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी लागते. पण पहिल्यांदाच करत असाल तर एका लॅपटॉपवर एकच प्रणाली ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

डेबियनच्या संकेतस्थळावरून नेटइन्स्ट नावाची ६४-बिट आयएसओ फाइल घ्या. ती एक जीबीहून लहान असते, बाकीचं सगळं इन्स्टॉलर इंटरनेटवरून आणतो. सध्याची स्थिर आवृत्ती डेबियन १३, टोपणनाव ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आली. या आवृत्तीपासून ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर मिळत नाही, त्यामुळे फारच जुना लॅपटॉप असेल तर प्रोसेसर ६४-बिट आहे ना हे आधी तपासा. विंडोजवरून पेनड्राइव्ह तयार करायला रूफस हे छोटं साधन पुरतं. ते मध्येच आयएसओ पद्धत की डीडी पद्धत असं विचारतं, तिथे डीडी निवडा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, हे विसरू नका.

दोन गोष्टी हाताशी हव्यातच. एक म्हणजे राउटरपासून लॅपटॉपपर्यंत पोहोचेल अशी लॅन केबल. डेस्कटॉपशिवाय बसवलेल्या प्रणालीत वायफाय जोडणं नवख्याला जड जातं, आणि केबल असली की तो प्रश्नच उरत नाही. दुसरी म्हणजे चालणारी बॅटरी किंवा यूपीएस. इन्स्टॉल अर्ध्यावर असताना वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा संपलेलीच असते, म्हणून देखभालीसाठी गुरुवारी आपल्या भागातली लाईट जाणार आहे का हे बघूनच दिवस ठरवा.

केबल मिळण्यासारखी नसेल आणि केवळ वायफाय असेल तर हट्ट करू नका. इन्स्टॉलरमध्येच एक्सएफसीईला खूण करा आणि या लेखाचा पुढचा भाग काय कुठे असतं हे समजून घेण्यासाठी वाचा.

इन्स्टॉलरमधल्या मोजक्या जागा

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना बूट मेन्यूची की दाबायची. डेल आणि लेनोव्होवर ती बहुतेक वेळा एफ१२ असते, एचपीवर एफ९. सिक्युअर बूट (सही नसलेली प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) बंद करायची गरज नाही, डेबियन २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून त्याच्यासह चालतो.

इन्स्टॉलर मराठीतही चालतो. तरी प्रणालीची भाषा सुरुवातीला इंग्रजी ठेवा असं मी सांगतो. कारण व्यवहाराचं आहे: चुकीचा संदेश आला तर तो जसाच्या तसा शोधता येतो आणि उत्तर लगेच सापडतं. मराठी लिहिण्या-वाचण्याची सोय आपण शेवटी नीट करणारच आहोत. देश भारत निवडा, म्हणजे घड्याळ आपोआप लागतं. कीबोर्ड अमेरिकन इंग्लिश, आपल्याकडच्या लॅपटॉपवर तोच असतो.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा. इन्स्टॉलर रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी प्रशासकाचा, पासवर्ड विचारतो. तो रिकामा सोडा आणि पुढे जा. रिकामा सोडला की तुम्ही बनवता त्या पहिल्या वापरकर्त्याला सुडोचा, म्हणजे एखादी कमांड प्रशासक म्हणून चालवण्याचा, अधिकार आपोआप मिळतो. तिथे पासवर्ड भरला तर सुडो मिळत नाही, आणि नंतर पहिल्याच कमांडला नकार आला की मुलं गोंधळतात. पासवर्ड भरून झालाच असेल तरी काही बिघडलं नाही. लॉगिन केल्यावर एस-यू, रिकामी जागा आणि आडवी रेघ, असं टाइप करून रूटचा पासवर्ड द्या, मग एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने

एपीटी इन्स्टॉल सुडो

आणि नंतर

ॲडयूजर तुमचं-नाव सुडो

असं करा, बाहेर पडा आणि पुन्हा लॉगिन करा.

डिस्कच्या विभागणीत गाइडेड, पूर्ण डिस्क, सगळ्या फाइली एकाच विभागात, हे तीन पर्याय घेत जा. दोन डिस्क दिसत असतील तर आकार वाचूनच निवडा, त्यातली एक तुमचा पेनड्राइव्ह असते.

शेवटाकडे सॉफ्टवेअर निवडण्याचा पडदा येतो. तिथे डेबियन डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट आणि गनोम (दुसरा एक डेस्कटॉप) यांना आधीच खुणा असतात. त्या दोन्ही काढायच्या आणि स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज एवढीच ठेवायची. खूण लावायला-काढायला स्पेसबार वापरतात. एंटर दाबलं की पडदा पुढे सरकतो, मागे यायला जागा राहत नाही. घाईत एंटर दाबून पूर्ण गनोम बसवून बसलेले लोक मी बरेच पाहिले आहेत, म्हणून या पडद्यावर हात जरा आवरा.

यानंतर ग्रब हा डेबियन सुरू करून देणारा बूट लोडर लॅपटॉपच्या डिस्कवर टाकू द्या, पेनड्राइव्ह काढा आणि मशीन पुन्हा सुरू करा.

समोर काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि लॉगिन हा शब्द दिसेल. नाव टाका, पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ताराचिन्हंही नाहीत. ते तसंच असतं, टाइप करत राहा आणि एंटर द्या. आत आलात की डेबियन चालू झाला. आता

सुडो एपीटी अपडेट

ही कमांड द्या. ओळी सरसर येऊन गेल्या आणि चुकीचा संदेश नसला, म्हणजे इंटरनेट आणि सुडो दोन्ही ठीक आहेत.

पहिला थर: ग्राफिक्सचा ड्रायव्हर

आपल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कोणतं आहे ते आधी विचारून घ्या.

एलएसपीसीआय

एल-एस-पी-सी-आय, सलग. येणाऱ्या यादीत व्हीजीए कंपॅटिबल कंट्रोलर असं लिहिलेली ओळ शोधा. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा इंटेल असतं, आणि मग तुम्हाला काही करायचं नसतं, कारण इंटेलचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतो. एएमडीचंही तसंच, मात्र त्याला फर्मवेअर, म्हणजे कार्डाला चालण्यासाठी द्यावी लागणारी फाइल, लागतं. डेबियन १२ पासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरच ओळखून बसवतो. काही कारणाने ते राहून गेलं असेल तर पॅकेजचं नाव फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स.

ड्रायव्हर खरोखर जागा झाला का, हे पाहण्याची सोपी खूण आहे.

एलएस /देव/डीआरआय

देव म्हणजे डी-ई-व्ही. उत्तरात कार्ड० किंवा कार्ड१ असं काही दिसलं की पहिला थर उभा आहे. अशी फाइलच नाही असं उत्तर आलं तर पुढे जाऊ नका. कारण इथे ड्रायव्हर नसेल तर वरचा डेस्कटॉप कितीही वेळा काढून घातला तरी तो सुधारणार नाही, आणि लोक नेमके तेच करत बसतात.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर नूवो हा मुक्त ड्रायव्हर आपोआप चालू होतो आणि रोजच्या कामाला तो पुरतो. कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर घालण्याची घाई करू नका. त्याला डेबियनच्या पॅकेज-भांडाराचा वेगळा विभाग चालू करावा लागतो, सिक्युअर बूट असेल तर सही करावी लागते. डेस्कटॉप स्थिर झाल्यावर, गरज असेल तर, ते काम वेगळं हातात घ्या. सुरू होतानाच पडदा काळा पडत असेल तर ग्रबच्या यादीवर ई दाबा, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या टोकाला नोमोडसेट लिहा, एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी, आणि एफ१० दाबा. हा उपाय त्या एका वेळेपुरताच असतो आणि त्यात ग्राफिक्स हळू चालतं. आत शिरून दुरुस्ती करण्यापुरता तो वापरायचा.

दुसरा थर: एक्स

एक्स विंडो सिस्टिमची सुरुवात १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत झाली आणि आज वापरतो ती अकरावी आवृत्ती १९८७ ची. तिची जागा घेऊ पाहणारं वेलँड २००८ पासून घडतंय, गनोम आणि केडीई हे डेस्कटॉप बऱ्यापैकी त्याच्याकडे गेले आहेत. डेबियन १३ मध्ये आहे त्या एक्सएफसीई ४.२० मध्ये वेलँडचा आधार अजून प्रायोगिक आहे. म्हणून आपण एक्सवरच राहू. शिकायला ते बरंही आहे, कारण एक्समध्ये हे थर स्वच्छ वेगळे दिसतात.

सुडो एपीटी इन्स्टॉल झॉर्ग

झॉर्ग म्हणजे एक्स-ओ-आर-जी. हो का म्हणून विचारलं की एंटर द्या. पॅकेजं उतरली की लगेच

स्टार्टएक्स

ही कमांड द्या. तिच्यापुढे सुडो लावायचा नाही. का नाही ते चौथ्या थरात सांगतो, पण हे आत्ताच पक्कं करा.

आता जे दिसेल त्याने बरेच जण निराश होतात, आणि मला मात्र या सगळ्या प्रवासात तेच सर्वांत आवडतं. काळा पडदा, आणि डाव्या कोपऱ्यात वर एक छोटी पांढरी खिडकी. तिला शीर्षकाची पट्टी नाही, बंद करायची फुली नाही, धरून हलवायची सोय नाही. माउस तिच्यावर नेला की तिच्यात टाइप होतं, माउस बाहेर गेला की होत नाही. हीच एक्सची खरी मर्यादा आणि खरं काम आहे: तो पडद्यावर रेखाटतो आणि माउस-कीबोर्डच्या हालचाली प्रोग्रॅमला कळवतो. खिडकी कुठे ठेवायची, तिला चौकट कशी द्यायची, हे त्याचं काम नाही. ते करणारा विंडो मॅनेजर तिसऱ्या थरात येतो.

त्या छोट्या खिडकीत

एक्सआइज &

असं टाइप करा. एक्स आणि डोळ्यांसाठीचा इंग्रजी शब्द जोडून, म्हणजे एक्स-ई-वाय-ई-एस, मग रिकामी जागा आणि ते चिन्ह. दोन मोठे डोळे उघडतील आणि माउस जिकडे न्याल तिकडे बघतील. ते त्याच कोपऱ्यात, आधीच्या खिडकीवरच येऊन बसतात, कारण त्यांना बाजूला सरकवणारं कुणी नाही. डोळे माउसमागे फिरले म्हणजे ड्रायव्हर चालतोय, एक्स चालतोय, टचपॅड चालतोय, एवढं सगळं एका झटक्यात सिद्ध झालं. मोकळ्या दिसणाऱ्या भागावर माउस ठेवून एक्झिट लिहा आणि एंटर द्या. एक्स बंद होऊन तुम्ही अक्षरांच्या पडद्यावर परत येता.

डोळे दिसलेच नाहीत, स्टार्टएक्स काही ओळी ओकून परतला, तर त्या ओळी वाचा. सविस्तर नोंद तुमच्या होम फोल्डरमध्ये, डॉट-लोकल, त्यात शेअर, त्यात झॉर्ग, या फोल्डरात झॉर्ग.०.लॉग नावाच्या फाइलीत असते, यातल्या नावातला एक्स मोठा. तिथे नसेल तर व्हार फोल्डरातल्या लॉगमध्ये त्याच नावाने. फाइल भली मोठी असते. कंसात दोन मोठे ई असलेल्या ओळीच फक्त बघा, त्या चुकांच्या ओळी. पडदाच सापडला नाही अशा अर्थाची ओळ असेल तर पहिल्या थराकडे परत जा.

तिसरा थर: एक्सएफसीई

डेस्कटॉप अनेक आहेत. गनोम देखणा आहे, केडीई प्लाझ्मात सोयींचा सुकाळ आहे, एलएक्सक्यूटी हलका आहे. चार जीबीच्या लॅपटॉपसाठी मी एक्सएफसीई सुचवतो. १९९६ पासून तो चालत आला आहे, वर्षानुवर्षं त्याचा चेहरा फारसा बदलत नाही आणि विंडोजवरून आलेल्या माणसाला तासाभरात सवयीचा होतो. खरी रॅम खातो तो ब्राउझर, हे मात्र कोणत्याही डेस्कटॉपवर बदलत नाही.

सुडो एपीटी इन्स्टॉल एक्सएफसीई४ एक्सएफसीई४-गुडीज

एक्स-एफ-सी-ई आणि लगेच ४, मध्ये जागा नाही. दुसऱ्या नावात ४ नंतर आडवी रेघ आणि जी-ओ-ओ-डी-आय-ई-एस. हे उतरायला वेळ लागतो, चहा घेऊन या.

पुन्हा स्टार्टएक्स द्या. या वेळी वॉलपेपर, पट्टी, मेन्यू, सगळं दिसेल. खिडकी उघडा, शीर्षकाला धरून हलवा, लहान-मोठी करा. मघाच्या उघड्या खिडकीत आणि या खिडकीत जो फरक दिसतो तो एक्सएफडब्ल्यूएम४ या विंडो मॅनेजरचा. खालीवरची पट्टी हा वेगळा प्रोग्रॅम आहे, वॉलपेपर आणि त्यावरची चिन्हं हा वेगळा, फाइली दाखवणारा थुनार वेगळा. पट्टी गायब झाली तर डेस्कटॉप मेला असं नसतं. टर्मिनल उघडून एक्सएफसीई४-पॅनल लिहिलं की ती परत येते.

मदत करणाऱ्यांना इथे एक सांगायचं आहे. हा सगळा वेळ कीबोर्ड शिकणाऱ्याच्याच हातात राहू द्या. तुम्हाला दोन सेकंदांत जमेल ते त्याला दोन मिनिटं लागतील, लागू देत. पडद्यावरची इंग्रजी ओळ त्यालाच मोठ्याने वाचायला लावा आणि तिचा अर्थ मराठीत विचारा. घाबरलेला माणूस ओळ वाचतच नाही, तिच्याकडे नुसता बघतो. ती वाचायची सवय लागली की तुमची गरज झपाट्याने कमी होते.

चौथा थर: लॉगिनचा पडदा

रोज स्टार्टएक्स लिहूनही काम चालतं, पण घरातल्या इतरांसाठी लॉगिनचा पडदा हवा.

सुडो एपीटी इन्स्टॉल लाइटडीएम

एल-आय-जी-एच-टी-डी-एम. आधीच्या पॅकेजांसोबत तो आला असेल तर तसा संदेश येईल. मशीन पुन्हा सुरू करा. डेबियनमध्ये लाइटडीएम वापरकर्त्यांची यादी दाखवत नाही, नाव स्वतः टाइप करावं लागतं. नाव पहिल्या अक्षरापासून छोट्या अक्षरांत, जसं बनवलं तसंच.

या थराचे बिघाड दोन प्रकारचे. पडदा आलाच नाही तर कंट्रोल, आल्ट आणि एफ२ एकत्र दाबा. अक्षरांचं लॉगिन मिळेल. ही तीन बोटांची युक्ती पाठ करा, ग्राफिकल बाजू पूर्ण बंद पडली तरी हे दार उघडं असतं. आत जाऊन स्टार्टएक्स द्या. डेस्कटॉप आला तर तिन्ही थर शाबूत आहेत, दोष फक्त लाइटडीएमचा. मग

सुडो जर्नलसीटीएल -यू लाइटडीएम -बी

ही कमांड या वेळच्या बूटमधल्या त्याच्या नोंदी दाखवते.

दुसरा बिघाड फसवा आहे. पासवर्ड बरोबर, क्षणभर काळा पडदा, आणि पुन्हा लॉगिनचाच पडदा. माणसाला वाटतं पासवर्ड चुकला. चुकला असता तर तसं लिहून आलं असतं. इथे नेहमीची कारणं दोन. डिस्क भरली असेल, तर डीएफ -एच ही कमांड १०० टक्के दाखवेल. एपीटी क्लीन सुडोसह देऊन उतरवलेल्या पॅकेजांच्या प्रती काढून टाका आणि जागा करा. किंवा होम फोल्डरमधली डॉट-एक्सऑथॉरिटी ही लपलेली फाइल रूटच्या मालकीची झाली असेल. कुणीतरी सुडो लावून स्टार्टएक्स दिला की असं होऊ शकतं, आणि मग तुमचाच डेस्कटॉप तुम्हाला आत घेत नाही. एलएस -एलए या कमांडने मालक बघा. रूट असेल तर सुडो आरएम देऊन ती एक फाइल काढा, पुढच्या लॉगिनला नवी बनते. नावातला एक्स मोठा, बाकीची अक्षरं छोटी, सुरुवातीला टिंब.

नेटवर्क आणि आवाज

आता केबल काढून वायफायवर यायचं.

सुडो एपीटी इन्स्टॉल नेटवर्क-मॅनेजर-गनोम

गनोम नाव असलं तरी एक्सएफसीईवर तो उत्तम चालतो, पट्टीवर नेटवर्कचं चिन्ह येतं. फक्त एक गोम आहे. इन्स्टॉलरने केबलच्या जोडणीची नोंद ईटीसी फोल्डरातल्या नेटवर्क फोल्डरात, इंटरफेसेस नावाच्या फाइलीत केलेली असते. तिथे ज्या कार्डाचं नाव आहे त्याला नेटवर्क मॅनेजर हात लावत नाही, आणि चिन्हावर टिचकी मारली की ते व्यवस्थापनाखाली नाही असं दिसतं. काही बिघडलेलं नसतं. सुडो नॅनो आणि त्या फाइलीचा पूर्ण मार्ग देऊन ती उघडा. एलओ या नावाच्या ओळी तशाच ठेवा. तुमच्या कार्डाच्या नावाच्या ओळींपुढे # हे चिन्ह घाला. कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स, आणि मशीन पुन्हा सुरू करा.

आवाजासाठी पाइपवायर-ऑडिओ आणि पीए-व्हॉल्यूम-कंट्रोल घ्यायचं. दुसऱ्याचं पॅकेज-नाव पी-ए-व्ही-यू-कंट्रोल, सलग. आवाज येत नसेल तर आधी त्यात आउटपुट एचडीएमआयकडे गेलंय का ते बघा, बहुतेकदा तेच असतं. ब्लूटूथला ब्लूमॅन. ब्राउझरला फायरफॉक्स-ईएसआर. टचपॅडवर टिचकी मारून क्लिक होत नसेल तर सेटिंग्जमध्ये माउस अँड टचपॅड उघडून त्याची खूण लावा.

मराठी

मराठी दिसणं आणि मराठी लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत.

दिसण्यासाठी फॉन्ट्स-देवा हे पॅकेज, डी-ई-व्ही-ए. देवनागरीचे अनेक मुक्त फॉन्ट त्यासोबत येतात, लोहितही. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला की चौकोनांच्या जागी अक्षरं दिसतात. एक गैरसमज इथेच काढतो. घरात जुन्या लग्नपत्रिका, दिवाळी अंकासाठी टंकलेले लेख किंवा डीटीपीच्या फाइली असतील आणि त्या उघडल्यावर रोमन अक्षरांचा काला दिसत असेल, तर नवे फॉन्ट घालून उपयोग नाही. त्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिलेल्या आहेत, त्या युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतात.

लिहिण्याचा सर्वांत टिकाऊ मार्ग म्हणजे इनस्क्रिप्ट. त्यासाठी काहीही नवं बसवावं लागत नाही. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट, तिथली सिस्टिम डिफॉल्टची खूण काढा आणि भारतीय गटातून मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट जोडा. इंग्रजी-मराठी बदलायला आल्ट-शिफ्ट ठेवा. इनस्क्रिप्टमध्ये डावीकडे स्वर आणि काना-मात्रा, उजवीकडे बहुतेक व्यंजनं, त्यामुळे दोन्ही हात लयीत चालतात. मराठी हा शब्द लिहून बघा: सी, जे, ई, मग शिफ्ट धरून एंटरच्या डाव्या हाताची अवतरणचिन्हाची की, आणि आर. ळ हवा तर शिफ्ट-एन. सुऱ्या, दऱ्या, वाऱ्या यांतला आडवा र काढायला शिफ्ट-जे, मग डी, मग य साठी प्रश्नचिन्हाची की शिफ्टशिवाय. पहिले आठ-दहा दिवस हात अडखळतात, मग डोळे कीबोर्डवरून उठतात.

ज्यांना उच्चाराप्रमाणे रोमनमधून टाइप करायचंय, त्यांच्यासाठी आयबस.

सुडो एपीटी इन्स्टॉल आयबस आयबस-एम१७एन

आय-बी-यू-एस, आणि दुसऱ्यात आडव्या रेघेनंतर एम-१-७-एन. लॉगआउट होऊन परत या, मेन्यूतून आयबसची प्राधान्यं उघडा, इनपुट मेथडमध्ये मराठी शोधा. आयट्रान्स, फोनेटिक असे पर्याय तिथे आहेत. चिन्ह पट्टीवर येत नसेल तर टर्मिनलवर आयएम-कॉन्फिग चालवून त्यात आयबस निवडा आणि पुन्हा लॉगिन करा. इनस्क्रिप्टचा लेआउट आणि आयबस दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नका, कोणती की कुणी पकडली हे कळेनासं होतं.

पुढची देखभाल

दर आठवड्याला एकदा सुडो एपीटी अपडेट आणि त्यामागोमाग सुडो एपीटी अपग्रेड. डेबियन १३ ला पूर्ण आधार ऑगस्ट २०२८ पर्यंत आणि दीर्घकालीन आधार जून २०३० पर्यंत आहे, म्हणजे तोपर्यंत ही एकच आवृत्ती पुरते. बाहेरच्या संकेतस्थळांवरून डेब (डेबियनच्या पॅकेजच्या) फाइली आणून घालण्यापेक्षा आधी एपीटी सर्च करून बघा, हवं ते बहुतेक वेळा डेबियनच्या भांडारातच असतं.

आणि आज काय काय बसवलं हे आठवत नसेल, तर व्हार, त्यात लॉग, त्यात एपीटी, या फोल्डरातली हिस्टरी.लॉग ही फाइल उघडा. तुम्ही दिलेली प्रत्येक इन्स्टॉलची कमांड तारीख-वेळेसह तिथे आहे. तिची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. मैत्रिणीचा लॅपटॉप तयार करायला बसाल तेव्हा तीच यादी समोर ठेवून काम करता येईल.